दर महिन्याला सारखा नफा

श्यामकांतरावांच्या तेरवीला आलेली माणसं जेवून पांगली, तरी अनंतराव समोरच्या खोलीत बसून होते. त्यांची बायको विजया आत मंदाकिनीला भांडी आवरू लागत होती. अनंतराव म्हणजे श्यामकांतरावांचे भागीदार. रायपुरातल्या पंडरीच्या कापड बाजारात दोघांचं ठोक कापडाचं दुकान होतं. पोपलीन, लठ्ठा, अस्तर आणि शाळांच्या गणवेशाचं कापड. अभनपूर-धमतरीकडचे दुकानदार यायचे आणि थानंच्या थानं, अख्खे तागे, बांधून घेऊन जायचे. दोघांनी तरुणपणी ते दुकान थाटलं, आणि एका सकाळी गादीवर बसल्याबसल्याच छातीत कळ येऊन श्यामकांतराव गेले.

विजया हात पुसत बाहेर आली तेव्हा अनंतरावांनी मंदाकिनीलाही बोलावून घेतलं. म्हणाले, "वहिनी, दुकानाची चिंता करू नका. श्यामच्या जागी आता तुम्ही. तुम्हाले तिथं यायची गरज नाही, काही पाहायची गरज नाही. तुम्ही स्लीपिंग पार्टनर. नफ्यातला तुमचा हिस्सा दर महिन्याला मी घरी आणून देत जाईन."

मंदाकिनीनं मान हलवली. तिला त्यातलं 'घरी आणून देत जाईन' एवढंच कळलं. 'स्लीपिंग' हा शब्द ऐकून कसंसंच झालं होतं, पण त्याचा अर्थ कोणाला विचारणार? असलं काही विचारायचं ते ज्यांना, त्यांच्याच फोटोला हार घातलेला होता.

घर देवेंद्रनगरात, पंडरीपासून पायी जाता येईल इतकं जवळ. तरी मंदाकिनी दुकानात जायची ती फक्त लक्ष्मीपूजनाला. नवी साडी नेसून जायची, पेढा घ्यायची आणि परत यायची. दुकान कसं चालतं हे तिनं कधी विचारलं नव्हतं. श्यामकांतरावांनीही कधी सांगितलं नव्हतं. घरात पैसा येत होता, मुलगी शिकत होती, वर एक मजला चढला होता. संसार म्हणजे याहून वेगळं काही असतं असं तिला वाटलं नव्हतं.

छत्तीसगड वेगळं झालं आणि रायपूर राजधानी झालं, तशी त्या वस्तीची रयाच बदलली. जमिनीला असे भाव आले की जुन्या लोकांनी भराभर घरं विकली. शेजारच्या कांताबाई नागपूरला लेकाकडे गेल्या, मागच्या गल्लीतलं रेल्वेवाल्यांचं कुटुंब बिलासपूरला. त्यांच्या जागी भोपाळहून आलेले साहेब लोक राहू लागले. गाडी आत गेली की फाटक बंद. मंदाकिनी गच्चीवर उभी राहिली तर ओळखीचं एक तोंड दिसत नसे. सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी भुकटी रात्रीतून गच्चीवर येऊन बसायची, ती ओल्या फडक्यानं पुसणं हे तिचं सकाळचं पहिलं काम. दोन दिवस पुसली नसती तरी कोणी काही म्हणणारं नव्हतं. म्हणूनच बहुधा ती रोज पुसायची.

मुलगी मीनल हैदराबादला कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. दर रविवारी तिचा फोन यायचा. आईचं मराठी तिला सगळं समजे, उत्तर मात्र हिंदीत. "सब बढ़िया, मम्मा. तू बता," असं म्हणून ती थांबायची, आणि त्या 'तू बता'ला द्यायला मंदाकिनीजवळ काही नसायचं. भाजी काय केली ते सांगून ती फोन ठेवून द्यायची.

महिन्यातला एक दिवस मात्र वेगळा असे. पहिल्या आठवड्यात अनंतराव आणि विजया संध्याकाळी येत. मंदाकिनी आदल्या दिवसापासून तयारीला लागायची. थंडीत कोथिंबिरीच्या सांबारवड्या, एरवी आलूबोंडे. अनंतराव आल्या आल्या पाकीट टीपॉयवर ठेवायचे आणि पुन्हा त्याकडे बघायचे नाहीत. दुकान कसं आहे म्हटलं तर म्हणायचे, "चांगलं आहे, वहिनी. चालू आहे." मग विजया घरचं, बाजारचं काहीबाही सांगत बसायची. दिवेलागणी होऊन जायची. ती दोघं उठली की मंदाकिनी फाटकापर्यंत जायची आणि त्यांची स्कूटर वळणावर दिसेनाशी झाली तरी तिथंच उभी असायची.

पाकिटातलं सगळं काही खर्च होत नव्हतं. उरलेलं घरात कशाला ठेवायचं म्हणून ती एकदा बँकेत गेली. काउंटरवरची मुलगी गोड होती. तिनं विचारलं, मुदत ठेव करायची की म्युच्युअल फंड बघणार? रिस्क किती घेऊ शकता? पैसा लिक्विड हवा का? नॉमिनी कोण? मंदाकिनीला वाटलं, ही आपल्याला भलत्याच गावाचा रस्ता विचारते आहे. ती म्हणाली, "घरी विचारून सांगते."

बाहेरच्या पायऱ्या उतरताना तिच्या लक्षात आलं, की घरी विचारायला कोणी नाही. ती कठड्याला धरून तशीच उभी राहिली. मागून आलेला माणूस "साइड दीजिए, आंटी" म्हणाला तेव्हा कुठे बाजूला झाली.

त्या दिवसांत रायपुरात जो तो काहीतरी सुरू करायला निघाला होता. कोणी गाड्या भाड्यानं देत होतं, कोणी झेरॉक्सचं दुकान टाकत होतं, कोणी शेअर घेत होतं. बूढापाऱ्यात एका कोचिंग क्लासवर मोठा कापडी फलक लागला होता: 'व्यापार और निवेश, बिल्कुल शुरू से'. रिक्षातून जाताना मंदाकिनीनं तो वाचला, पुढच्या चौकात रिक्षा थांबवली आणि चालत मागे आली. तिथल्या माणसाला वाटलं, मुलाची फी भरायला आल्या आहेत. ती म्हणाली, "मीच येणार आहे."

वर्ग दुपारचा होता. नुकतीच बारावी झालेली पोरं-पोरी, ब्युटी पार्लर काढू पाहणारी एक बाई, धानाची गिरणी टाकायची म्हणून येणारे दोघे भाऊ. मंदाकिनी शेवटच्या बाकावर बसायची. शिकवणारा सुशील तिच्या मुलीपेक्षा थोडा मोठा असेल. तात्यापाऱ्यातल्या जुन्या मराठी घरातला. त्याचे पूर्वज नागपूरच्या भोसल्यांच्या अमलात इकडे आलेले. मंदाकिनीचं मराठी त्याला पूर्ण कळायचं, पण जिभेवर यायची हिंदीच.

पहिल्याच दिवशी त्यानं सांगितलं, की दुकान वेगळं आणि दुकानदार वेगळा. हिशेबाच्या नजरेत ती दोन निरनिराळी माणसं. मालकानं घातलेलं भांडवल हे दुकानानं मालकाला द्यायचं देणं. पोरांनी ते निमूट उतरवून घेतलं. मंदाकिनी मात्र विचारात पडली. आपलाच पैसा, आपलंच दुकान, आणि दुकान आपलं देणेकरी? मग हळूहळू तिला ते पटलं. दुकान वेगळं माणूस होतं हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? श्यामकांतराव रोज सकाळी त्या माणसाकडे जायचे, दिवसभर त्याच्याशी बोलायचे, आणि घरी यायचे तोवर त्यांच्याजवळचं बोलणं संपलेलं असायचं.

असे एकेक शब्द ती शिकत गेली. आपल्या मालकीचं जे जे, ती मत्ता. वापरून वापरून वस्तूची किंमत वर्षाला जेवढी उतरते तो घसारा. लागेल तेव्हा चटकन हाती येणारा पैसा तो लिक्विड. बँकेतली मुलगी हेच विचारत होती तर. नॉमिनी म्हणजे आपल्यामागे पैसे ज्याच्या हाती सोपवायचे त्याचं नाव. जितका जास्त परतावा कोणी कबूल करेल, तितका धोकाही जास्त. घरी येऊन ती हे शब्द पोळ्या लाटताना मोठ्यानं म्हणायची. ऐकायला कोणी नव्हतं, तरी घरात काहीतरी बोललं जात होतं.

गंमत अशी, की बरेचसे शब्द तिला नवे नव्हतेच. उलाढाल, उचल, उधारी, तोटा, खेळतं भांडवल. श्यामकांतराव फोनवर बोलायचे तेव्हा स्वयंपाकघरात ते ऐकू यायचे. पंख्याच्या घरघरीसारखे ते शब्द तिच्या कानांवरून वर्षानुवर्षं गेले होते.

एका दुपारी सुशीलनं खेळतं भांडवल समजावून सांगितलं. माल विकला जातो, पैसा येतो, त्या पैशात नवा माल येतो. हे चाक फिरत राहिलं पाहिजे. माल पडून राहिला तर गोदाम भरलेलं असूनही दुकानाचा श्वास कोंडतो. "गोदाम भरा है और गल्ला खाली है, तो समझो दुकान बीमार है," तो म्हणाला.

मंदाकिनीला एकदम एक जेवण आठवलं. श्यामकांतराव गेले त्याच्या आदल्या दिवाळीनंतरचं. ते ताटावर बसले होते, भात नुसता कालवत होते. म्हणाले, "माल पडून आहे, मंदा. पैसा फिरूनच नाही राहिला." तिनं म्हटलं, "फिरेल," आणि आमटी वाढली. त्यांनी एकदा वर पाहिलं, भात संपवला आणि हात धुवायला उठले. एवढंच. त्या माणसाला काहीतरी सांगायचं होतं हे तिला आता, पोरांच्या वर्गात, शेवटच्या बाकावर कळत होतं. त्या दिवशी त्यांनी दार थोडं उघडलं होतं आणि तिनं आमटी वाढून ते लोटून दिलं होतं. तिचे डोळे भरून आले. चष्मा पुसायचं निमित्त करून ती बराच वेळ खाली मान घालून बसली.

मग नफ्याचा धडा आला. वर्षभराच्या विक्रीतून सगळा खर्च वजा करून उरतो तो नफा, असं सुशील सांगत होता. मंदाकिनीनं पहिल्यांदाच हात वर केला.

"सर, एक विचारायचं आहे. एखाद्या भागीदाराले दर महिन्याला नफा भेटते, अन् तो दर महिन्याला सारखाच असते. असं होते का?"

सुशील हसला. "नहीं, आंटी. मुनाफ़ा कभी ज़्यादा होगा, कभी कम, कभी घाटा भी होगा. हर महीने बराबर मिले, तो वो तनख़्वाह है, नहीं तो ब्याज है, नहीं तो दान है. मुनाफ़ा तो नहीं है."

वर्ग हसला. वर्ग सुटल्यावर तिनं त्याला आणखी एक विचारलं. नवा भागीदार घेताना काय करतात? त्यानं सांगितलं, लेखी करार करतात, त्यावर सगळ्यांच्या सह्या होतात. मंदाकिनीनं कशावरच सही केली नव्हती.

त्या दिवशी ती घरी आली ती डोक्यात किडा घेऊनच. सही नाही, करार नाही, दर महिन्याला तेवढंच पाकीट. मग खरा नफा किती? तो कुठे जातो? श्यामकांतरावांचं भांडवल, जे दुकानानं त्यांना द्यायचं होतं, त्याचं काय झालं? रविवारी तिनं मीनलला हे सांगितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्याजवळ सांगण्यासारखं काही होतं. मीनल तडकली. म्हणाली, "मम्मा, अंकल तुझे टुकड़ा डालके चुप बिठा रहे हैं. और तू उन्हें वड़ी खिला रही है."

पुढच्या वेळी अनंतराव-विजया आले तेव्हा मंदाकिनीनं नुसता चहा आणि बिस्किटं ठेवली. विजयानं बाजूला सरकून तिच्यासाठी जागा केली, तरी ती समोरच्या खुर्चीत बसली. विजयानं विचारलं, "तब्येत बरी नाही का, मंदाताई?" ती म्हणाली, "बरी आहे." अनंतरावांनी पाकीट ठेवलं, कप अर्धाच पिऊन ठेवला, आणि बाहेर उजेड होता तोवरच दोघं निघाली. मंदाकिनी फाटकापर्यंत गेली नाही. स्कूटरचा आवाज गेला आणि घर नेहमीसारखं झालं. महिन्यातला तो एक दिवस होता, तोही तिनं आपल्या हातानं घालवला होता. टीपॉयवरचं पाकीट तिनं तीन-चार दिवस उचललंच नाही.

शेवटी एका दुपारी ती वर्गाला न जाता पंडरीला गेली. लग्नसराईचे दिवस होते, बाजारात पाय ठेवायला जागा नसेल असं तिला वाटलं होतं. गर्दी होतीही, पण ती पुढच्या रांगेतल्या रेडिमेडच्या दुकानांत, जिथं काचेमागे पुतळे उभे होते. आतल्या ठोकवाल्यांच्या रांगेत बरीच शटर्स अर्धी ओढलेली. आपलं दुकान तिला पाटीवरून ओळखावं लागलं.

आत गिऱ्हाईक नव्हतं. नोकरही दिसेना. अनंतराव गादीच्या कडेला एकटेच बसून एका थानाची घडी घालत होते. घडी आधीच घातलेली होती, ती मोडून ते पुन्हा घालत होते. मागं छतापर्यंत हिरव्या चौकड्याच्या कापडाच्या गाठी रचलेल्या, बाहेरच्या गोणपाटावर काळ्या धुळीचा थर. मंदाकिनीला बघून ते गडबडले, उभे राहिले. तिनं चप्पल काढली आणि सरळ विचारलं,

"अनंतराव, मी या दुकानाची भागीदार आहे का?"

"बसा तर खरं, वहिनी."

"आहे का नाही?"

त्यांनी थान बाजूला ठेवलं. "नाही," ते म्हणाले. "मी तुमचं नाव कागदावर घातलंच नाही. घातलं असतं तर घाट्यातही तुम्ही बरोबरीनं आल्या असत्या. स्लीपिंग पार्टनर स्वतः झोपला असंल, पण घाटा त्याले झोपू देत नाही."

मग एकदा सुरुवात झाल्यावर ते सांगत गेले. दुकान श्यामकांतराव होते तेव्हापासूनच बसत चाललं होतं. खेड्यापाड्यांतही लोक तयार कपडे घालू लागले. अभनपूरचे जुने दुकानदार गाडीत बसून थेट सुरतेला जाऊ लागले. त्यात या हिरव्या चौकड्याच्या गाठी. एका मोठ्या शाळेची मागणी म्हणून दोघांनी हौसेनं माल भरला आणि शाळेनं गणवेशच बदलला. नोकराला दुसरीकडे लावून दिलं. श्यामकांतरावांचं भांडवल म्हणाल तर ते त्यांच्या डोळ्यांदेखतच संपलं होतं. वरचा मजला, मीनलचं इंजिनीअरिंग, सगळी उचल त्यातूनच झाली होती. दुकानाकडून त्यांचं काही येणं उरलं नव्हतं. उलट हिशेब केला असता तर थोडं देणंच निघालं असतं, ते अनंतरावांनी कधी काढलं नाही.

"मग मले दर महिन्याला देता ते?"

अनंतरावांनी खाली बघत सांगितलं, की त्यांच्या घराचा वरचा भाग भोपाळहून आलेल्या एका अधिकाऱ्यानं घेतला आहे. राजधानी झाल्यापासून भाडं चांगलं येतं. त्यातलं ते देत होते.

मंदाकिनी गादीच्या काठावर टेकली. गेल्या खेपेची बिस्किटं तिच्या डोळ्यांपुढे आली. माफी मागावी असं फार वाटलं, पण कशाची म्हणून सांगायचं? अनंतरावांना तर ती संशयानं वागली हेही धड कळलं नसेल.

"हे किती दिवस करणार होते तुम्ही?" तिनं विचारलं.

"ठाऊक नाही." ते म्हणाले. "खरं सांगू का, वहिनी? हे मी तुमच्यासाठीच करून राहिलो होतो असं नाही. तुमच्या घरी येऊन 'दुकान चालू आहे' म्हणायचो ना, तेवढा वेळ मलेही ते खरं वाटे. दुसऱ्या कोणाजवळ तसं म्हणता येत नाही. सगळ्या बाजाराले ठाऊक आहे."

बाहेरून कोणीतरी हातगाडी ढकलत गेलं. मग मंदाकिनी म्हणाली, "यांनी मले काहून नाही सांगितलं?"

"मी म्हटलं होतं त्याले. तो म्हणाला, मंदाले काय समजते त्यातलं."

"खरंच म्हणाले. नव्हतंच समजत," ती म्हणाली. "पण सांगितलं असतं तर शिकले असते."

अनंतरावांनी पुन्हा ते थान मांडीवर ओढलं.

उठायच्या आधी मंदाकिनीनं दोन गोष्टी सांगितल्या. पाकीट आता आणायचं नाही. आणि दुकान उघडं ठेवू नये. जागेचं भाडं, वीज, घेतलेल्या कर्जाचं व्याज हे सगळं अनंतरावांच्या उरल्यासुरल्या भांडवलातूनच जातं आहे, रोज थोडं थोडं. हे बोलताना तिला चांगलं ठाऊक होतं, की पाकीट बंद झालं तर त्या दोघांना घरी यायला कारण उरणार नाही. कारण नसताना येतील इतकी जवळीक त्यांच्यात कधी झालीच नव्हती. जी होती ती श्यामकांतरावांमार्फत. तरी ती बोलली. अनंतराव "पाहू" म्हणाले. तिनं चप्पल घातली आणि पायीच घरी आली.

मार्चअखेर दुकान बंद झालं. अभनपूरच्या एका व्यापाऱ्यानं पडेल त्या भावात माल उचलला. हिरव्या चौकड्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटच्या दिवशी अनंतरावांनी मंदाकिनीला बोलावलं होतं. गाठी बाहेर निघत होत्या तेव्हा ती आणि विजया रिकाम्या होत जाणाऱ्या भिंतींकडे बघत बाजूला उभ्या होत्या. विजया म्हणाली, चौकड्याच्या कापडाची पांघरुणं होतील, पण एवढी पांघरायला घरात माणसं कुठे आहेत. शेवटी त्या गाठी त्यांनी एका आश्रमशाळेला देऊन टाकल्या.

दुकान गेल्यावर अनंतरावांचं रायपुरात मन लागेना. मुलगा नागपूरला होता, तो बोलावत होता. घराचे दोन्ही मजले भाड्यानं देऊन त्यांनी जायचं ठरवलं. जायच्या आधी दोघं मंदाकिनीकडे आली. सांबारचे दिवस सरले होते, तरी तिनं बाजारभर हिंडून मिळवला आणि वड्या केल्या. त्या दिवशी ती विजयाशेजारीच बसली. गेल्या वेळच्या चहा-बिस्किटांची गोष्टही तिनं सांगून टाकली, काय वाटलं होतं ते सगळं. विजया एवढंच म्हणाली, "बरं झालं सांगितलं. मी आपली समजत होती, माझंच काही चुकलं." अनंतरावांनी श्यामकांतरावांच्या तरुणपणच्या गोष्टी काढल्या, दोघं सायकलवर थानं बांधून खेडोपाडी कसे हिंडायचे ते. यातली एकही मंदाकिनीनं आधी ऐकली नव्हती. पाकिटाशिवाय आलेली ती त्यांची पहिली खेप, आणि शेवटचीही. त्यानंतर नागपूरहून एक पत्र आलं, मग दिवाळीचं कार्ड, मग तेही नाही.

पण ते पुढचं. ती दोघं गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवार नसताना, मंदाकिनीनं स्वतःहून हैदराबादला फोन लावला. मीनल घाबरली. "क्या हुआ, मम्मा? तबीयत ठीक है?"

"ठीक आहे. तुले वेळ आहे का? जरा वेळ लागेल."

मीनलनं थांब म्हटलं, कुठेतरी दार लावल्याचा आवाज आला. मग मंदाकिनीनं तिला सगळं सांगितलं. घरात काय आहे आणि काय नाही. बँकेत किती आहे, कशात आहे, नॉमिनी म्हणून मीनलचं नाव कसं घातलं आहे. वरचा मजला भाड्यानं द्यायचा आहे, मंत्रालयात बदलून आलेली एक बाई बघून गेली आहे, त्यावर नीट भागेल. दुकान कधीपासून आजारी होतं, अंकलना आपण दोघी काय समजलो आणि ते काय होते, तुझ्या फीचे पैसे कुठून आले होते. सांगताना ती अडली नाही. शब्द आता तिच्याजवळ होते.

मग मीनलनं विचारलं, चाचपडत, पण मराठीत, "बाबाले माहीत होतं हे?"

"हो."

"अन् त्यांनी कोणालेच नाही सांगितलं?"

"नाही. म्हणून मी तुले सांगून राहिली."

मग मीनलची हिंदी परत आली. "मम्मा, तू अकेली रह लेगी वहाँ?"

"राहूनच राहिली की," मंदाकिनी म्हणाली.

मीनलला कोणीतरी हाक मारत होतं. ती म्हणाली, जाना पड़ेगा, संडे को फिर बताना. काय सांगू म्हटलं तर म्हणाली, जो भी हो, सब बताना.

मंदाकिनीनं फोन ठेवला. बाहेर अजून ऊन होतं. रविवारला बरेच दिवस होते.